डोंगरकपारीतील गावे : स्वित्झर्लंडकडून घ्यावयाचा धडा

एखाद्या देशाची ओळख त्याच्या राजधानीवरून करून घेण्याची आपणांस सवय असते. डोंगराळ देश मात्र आपले अंतरंग लहान गावांतच उघडे करतो. स्वित्झर्लंडचेच उदाहरण घ्या. या देशाचे क्षेत्रफळ सुमारे ४१,२८५ चौरस किलोमीटर असून त्याचा निम्म्याहून अधिक भाग आल्प्स पर्वताने व्यापला आहे. पूर्वी हिवाळ्यात बर्फाने घाट बंद झाले की एक खोरे दुसऱ्यापासून तुटत असे. त्यामुळे घराची बांधणी, सण आणि बोली ही खोऱ्याखोऱ्यांत निरनिराळी राहिली.

इन नदीच्या एंगाडीन खोऱ्यात, सुमारे १,६५० मीटर उंचीवर ग्वार्दा हे गाव वसले आहे. आगगाडी खालीच थांबते. वर न्यावयास टपालसेवेची पिवळी बस असते. तेथील घरांच्या भिंती जाड, तर खिडक्या लहान व आत खोल गेलेल्या असतात. हेतू हा की थंडी बाहेरच राहावी. भिंतींवरील बरीचशी नक्षी ओल्या चुन्याचा वरचा थर खरवडून व खालचा गडद गिलावा उघडा करून साधलेली असते. ही घरे जपल्याबद्दल गावाला १९७५ साली वाकर पुरस्कार मिळाला. १ मार्च रोजी या खोऱ्यातील मुले गुरांच्या गळ्यातील घंटा वाजवीत फिरतात आणि हिवाळ्याला निरोप देतात.

येथील भाषा रोमान्श. ती बोलणारे देशात शेकडा एकाहूनही कमी. तरी १९३८ साली जनतेने मतदान करून तिला राष्ट्रभाषांत चौथे स्थान दिले. तिची लेखी रूपे पाच. १९८२ साली सर्वांसाठी एक सामाईक लेखी रूप सिद्ध झाले. परंतु कित्येक गावांनी शाळेत आपल्या खोऱ्याचेच रूप पसंत केले. घरी कोंकणी बोलून वर्गात मराठी शिकविणाऱ्या मजसारख्याला त्यांची ही ओढाताण परकी वाटत नाही.

मात्र पर्वत जसा आश्रय देतो, तसा घासही घेतो. २८ मे २०२५ रोजी लोचेन खोऱ्यातील ब्लाटेन गावावर हिमनदी कोसळली. वरच्या कड्याचे दगड तिच्यावर पडून भार असह्य झाला होता. गावाचा बहुतेक भाग गाडला गेला आणि एका माणसाचा अंत झाला. तथापि तज्ज्ञांनी डोंगराची हालचाल वेळीच ओळखली होती व सुमारे तीनशे रहिवाशांना काही दिवस आधीच हलविले होते. जागरूकतेने माणसे वाचली. पिढ्यान्‌पिढ्यांची घरे मात्र गेली.

म्हणून अशा गावी जाल तेव्हा केवळ देखावा पाहून परतू नका. भिंत जाड का, पाणी कोठून येते, मुले घरी कोणती भाषा बोलतात, हे आदराने विचारा. आज उभे असलेले गाव उद्या तसेच असेल, असा भरवसा पर्वत देत नाही. जे पाहाल ते नीट पाहा आणि टिपून ठेवा. हा अभ्यास आपल्या शेजारच्या गावापासूनही आरंभता येईल.