प्रिंटर सुरू होत नाही? भिंतीपासून सुरुवात कर

पोरी, बटण दाबलं आणि प्रिंटरचा दिवासुद्धा लागला नाही, की माणूस लगेच यंत्राला दोष देतो. तू तसं करू नकोस. आयुष्यभर दुरुस्तीचं काम करून तुझ्या मामाला कळलेली गोष्ट एवढीच: वीज भिंतीतून येते, तेव्हा शोधही भिंतीपासून घ्यायचा. सॉकेट, वायर, बटण आणि सगळ्यात शेवटी यंत्र. एका वेळी एकच गोष्ट बदल. दोन गोष्टी एकदम बदलून प्रिंटर सुरू झाला, तर दोष कशात होता ते कळतच नाही, आणि तो पुन्हा डोकं वर काढतो.

नुसत्या टेस्टरवर विसंबू नकोस. टेस्टर फक्त फेज दाखवतो. न्यूट्रल तुटला असला तरी तो पेटतो, उपकरण मात्र चालत नाही. म्हणून त्याच सॉकेटात टेबललॅम्प लावून बघ. तो लागला नाही, तर एमसीबी पडलाय का ते पाहा. वर केल्यावर तो लगेच पुन्हा पडला, तर परत वर करायचा नाही. वायरमनला बोलाव.

मधला एक्स्टेंशन बोर्ड काढून टाक. प्रिंटर थेट भिंतीतल्या सॉकेटात लाव. तिथं तो सुरू झाला, तर दोष बोर्डाचा. बऱ्याच बोर्डांना स्वतःचा फ्यूज किंवा रीसेटचं बटण असतं, ते बघ. पण बोर्डाला जळका वास येत असेल, प्लास्टिक तपकिरी पडलं असेल किंवा पिन आत हलत असेल, तर टेप गुंडाळून तो चालवू नकोस. नवा आण.

वायरीची दोन्ही टोकं बघ. भिंतीकडची पिन सगळेच तपासतात. ढिली होते ती बहुधा प्रिंटरच्या मागची. कागद भरताना यंत्र मागेपुढे सरकतं आणि वायर अर्धवट बाहेर येते. ती काढून पुन्हा घट्ट बसव. बऱ्याच इंकजेटना इंग्रजी आठाच्या आकाराच्या तोंडाची वायर असते, तर लेझरला बहुतेक संगणकासारखी तीन पिनांची. तशीच चांगली वायर घरात असेल, तर ती लावून बघ. वेगळा अडॅप्टर असलेला प्रिंटर असेल, तर मात्र दुसरा कुठलाही अडॅप्टर जोडू नकोस. व्होल्ट आणि पिनेची धन-ऋण बाजू तंतोतंत जुळली पाहिजे, अँपिअर तेवढे किंवा जास्त हवेत.

यंत्राला थोडी विश्रांती दे. विजेचा झटका बसल्यावर कधी कधी आतलं सर्किट अडकून बसतं. स्विच बंद करून वायर काढ, प्रिंटरचं बटण 15 सेकंद दाबून धर, मिनिटभर थांब, मग थेट भिंतीत लावून सुरू कर. बटण नुसतं टिचकी मारून सोडू नकोस, दोन-तीन सेकंद दाब. आणि हे करून प्रिंटर सुरू झाला, पण रोज आपोआप बंद होत असेल, तर सेटिंग बघ. काही वेळ काम नसलं की स्वतः बंद होण्याची सोय बऱ्याच प्रिंटरमध्ये असते.

लेझर प्रिंटर घरच्या इन्व्हर्टरवर चालवू नकोस. कागदावर टोनरची पूड पक्की करणारा त्याचा भाग तापताना एकदम शेकडो वॅट ओढतो. लहान इन्व्हर्टर तेवढा भार पेलत नाही.

पावसाळ्यात विजा कडाडत असतील, तर नुसता स्विच बंद करून भागत नाही. पिनच काढ. संगणकाशी किंवा राउटरशी जोडलेली केबल असेल तर तीही काढ, कारण झटका त्या वाटेनंही येतो.

स्क्रू मात्र उघडायचे नाहीत. आपल्या 230 व्होल्टचे आत सुमारे 325 व्होल्ट डीसी होतात आणि वायर काढल्यावरही काही काळ कपॅसिटरमध्ये साठून राहतात. आतला फ्यूज उडाला असेल, तर त्यामागे काही कारण असतं. जाड तार घालून तो जोडणं म्हणजे आगीला आमंत्रण. वॉरंटीचा प्रिंटर असेल तर बिल शोध. दुकानदाराला आधी काय झालं ते नीट सांग: दिवे मंदावले होते का, टक् असा आवाज आला का, वास आला का. यातून त्याला अर्धं काम कळतं. शाईच्या टाकीचा प्रिंटर नेताना आडवा-तिरपा करू नकोस, शाई सांडते.

एक सवय आजपासूनच लाव. इंकजेट नेहमी त्याच्या स्वतःच्या बटणानं बंद कर, भिंतीच्या स्विचनं नाही. बटणानं बंद केल्यावर छपाईचं हेड जागेवर जाऊन झाकलं जातं. मध्येच वीज तोडली तर ते उघडं राहतं आणि शाई वाळते.

काम अगदीच अडलं असेल, तर पीडीएफ मोबाइलवर घे आणि कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात छापून आण. तपासणी घाईत उरकू नकोस. घाईत माणूस वास आलेली वायरही पुन्हा लावून बघतो, आणि घरात तेवढं धाडस करावं इतका महत्त्वाचा कागद कुठलाच नसतो.