कूलंट कमी होतंय? आधी गळती शोधा



आपल्यापैकी बऱ्याच घरी दहा-पंधरा वर्षांची गाडी आहे. सिल्वासाहून जव्हार-मोखाड्यामार्गे त्र्यंबकेश्वरला निघालो की चढावर इंजिन तापतं. कूलंट कमी असेल तर बायका-मुलांसकट घाटातच अडकायची वेळ येते. "आठवड्याला थोडं पाणी टाकतो, चालतंय" असं म्हणू नका. जातंय म्हणजे कुठून तरी जातंय.

१. शोध गार इंजिनावरच घ्या. गरम रेडिएटरमधलं पाणी दाबामुळे १०० अंशांच्या वर जातं. झाकण उघडलं की ते उसळून हात-तोंड भाजतं.

२. कूलंटच्या बाटलीवर पातळीची खूण करा. रात्री गाडीखाली पुठ्ठा अंथरा.

३. सकाळी डाग बघा. पुढे असेल तर रेडिएटर किंवा होज पाइप, इंजिनाच्या पट्ट्याच्या बाजूला असेल तर बहुधा वॉटर पंप. बिनरंगी, बिनवासाचं पाणी एसीचं असतं, त्याची काळजी नको.

४. पाइपच्या जोडांवर टॉर्च मारा. वाळलेला पांढरट-हिरवट थर गळतीची जागा दाखवतो.

५. डाग नाही, तरी पातळी उतरते? पायाखालचं कार्पेट ओलं आणि काच चिकट असेल तर हीटर तपासा. सायलेन्सरमधून सतत पांढरा धूर किंवा ऑइल दुधाळ दिसलं तर हेड गॅस्केटची शंका घ्या, गाडी चालवू नका.

तरीही सापडलं नाही तर मेकॅनिककडून प्रेशर टेस्ट करून घ्या.

आणि हो, सांडलेलं कूलंट लगेच पुसा. चवीला गोड, पण विषारी असतं. लेकरं आणि मुकी जनावरं ते चाटू शकतात.