फाटकाबाहेरची आई

चि. बाळास,


नाशिकच्या अकादमीतला दीक्षान्त संचलनाचा तुझा फोटो वहिनींनी पाठवला. खांद्यावरचे दोन तारे पाहून ऊर भरून आला. पुढच्या आठवड्यात तू पोलीस ठाण्यात हजर होशील, म्हणून आताच लिहितो.

कायदा तुला माझ्यापेक्षा ताजा पाठ असेल. पण पहिल्याच दिवशी कुणीतरी म्हणेल, "साहेब, पुस्तक बाजूला ठेवा, हिसका दाखवल्याशिवाय हे बोलत नसतात." ते ऐकू नकोस. मी ऐकलं होतं.

मी नवा शिपाई होतो. मोटारपंपाच्या चोरीत विशीतला एक ऊसतोड मजूर उचलून आणला. तीन दिवस तो ठाण्यात होता आणि स्टेशन डायरीत त्याचं नावसुद्धा नव्हतं. त्याची आई फाटकाबाहेर लिंबाखाली बसून असायची, मांडीवर फडक्यात बांधलेली भाकरी. तिसऱ्या रात्री त्याने 'कबूल' केलं आणि एक विहीर दाखवली. सकाळभर गळ टाकून आम्ही ती विहीर खरवडली. वर आला नुसता गाळ. मार चुकवायला पोराने तोंडाला येईल ती विहीर सांगितली होती. महिन्याभराने पंप शेजारच्या तालुक्यात दुसऱ्याच टोळीकडे सापडला. मारणारा मी नव्हतो. पण खोलीचं दार मी ओढून घेतलं होतं, आणि "तुझा मुलगा इथं नाही" असं त्या माउलीला सांगणाराही मीच.

पोलिसापुढची कबुली कोर्टात चालत नाही, हे 1872 च्या पुरावा कायद्यातही होतं. इंग्रज सरकारचासुद्धा आपल्या पोलिसाने वदवून घेतलेल्या कबुलीवर भरवसा नव्हता. जुनं कलम 25 आता नव्या साक्ष्य अधिनियमात 23 झालं, आशय तोच. आपली माणसं जुन्या कलम 'सत्तावीस'चा आधार घेतात. पण तिथंही आरोपीच्या सांगण्यावरून खरोखर काही सापडलं, तर त्या शोधाशी जोडलेलं तेवढंच बोलणं ग्राह्य धरतात. मग पोराला झोडपून आम्ही मिळवलं काय?

संशयित गप्प राहिला तर तो माजलाय असं समजू नकोस. ओडिशाच्या माजी मुख्यमंत्री नंदिनी सत्पथी यांनी पोलिसांच्या लेखी प्रश्नांना उत्तरं द्यायला नकार दिला होता. स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याचा घटनेच्या कलम 20(3) मधला हक्क ठाण्यातल्या चौकशीतही लागू आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने 1978 साली त्यांच्या प्रकरणात सांगितलं. सत्पथीबाईंना आपला हक्क ठाऊक होता. ऊसतोड्या पोराला तो कोण सांगणार? तूच सांगायचा. वकील ठेवण्याची ऐपत नसेल तर सरकारी खर्चाने मिळतो, हेही तूच सांगायचं. चौकशी चालू असताना त्याला वकिलाला भेटता येतं. पूर्ण वेळ नाही, पण भेटता येतं.

बंगालच्या डी. के. बसूंनी 1986 साली कोठडीतल्या मृत्यूंबद्दल सरन्यायाधीशांना एक पत्र लिहिलं. त्या पत्रालाच याचिका मानून 1996 साली जो निकाल आला, तो तुझ्या टेबलाच्या काचेखाली असू दे. अटकेचा मेमो जागेवरच करायचा, त्यावर साक्षीदाराची सही घ्यायची, नातेवाइकाला कळवायचं, वैद्यकीय तपासणी करायची. शिवाय, प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करायचं. अटकेची कारणं त्याला कळतील अशा भाषेत लेखी द्यायची. बाईमाणसाचा किंवा साठीपुढच्या म्हाताऱ्याचा जबाब हवा असेल तर आपण त्यांच्या घरी जायचं. जबाबावर सही घ्यायची नाही, आणि कोऱ्या कागदावर तर कधीच नाही. वरून फोन येतील, "उद्यापर्यंत डिटेक्शन दाखवा" म्हणून. येऊ देत.

कुणालाही आत आणलंस की आधी स्टेशन डायरीत वेळ टाक आणि मग स्वतः फाटकापर्यंत जाऊन ये. बाहेर कुणाची आई बसली असेल तर तिला आत बोलाव, पाणी दे, मुलगा कुठे आहे आणि कशासाठी आणलाय ते खरं सांग. भाकरी आणली असेल तर तपासून त्याच्यापर्यंत पोचव.

तुझा,
काका