देव भिंतीवर लावताना

अगं, नव्या घरात सोफ्यामागची भिंत रिकामी दिसते, तिथे देवाचं एखादं छान चित्र लावायचं म्हणतेस ना? जरूर लाव. पण केवढं, कुठलं, कितीचं हे नंतर. आधी एवढं ठरव, की हा देव पूजेचा आहे की बघण्याचा.

हसू नकोस, निम्मा गोंधळ इथेच मिटतो. पूजेच्या तसबिरीला हार येतो, उदबत्तीचा धूर लागतो, कुंकवाचं बोट लागतं. ती देवघरात हवी, आटोपशीर हवी, काचेतली हवी. बघायच्या चित्राला यातलं काहीच सोसत नाही. दोन्ही एकच ठेवलंस, तर दसऱ्याला सासूबाई त्या महागड्या चित्राला ओला हार घालणार आणि तू मनातल्या मनात कुढणार. नको म्हणालीस तर त्या कुढणार. दोन वेगळे ठेव, घरात शांतता राहील.

तंजावर चित्रावर तुझा जीव गेलाय, ते मला ठाऊक आहे. आणि ती कला आपल्याला परकी नाही. तिकडे भोसल्यांचं राज्य होतं, आणि दुसऱ्या सरफोजीराजांसारख्यांनी या चित्रकारांना आश्रय दिला. लाकडी फळीवर कापड चिकटवायचं, त्यावर खडूची भुकटी आणि डिंकाचा लेप द्यायचा, दागिने आणि महिरप उठावात उभारायची, खडे बसवायचे, वर सोन्याचा वर्ख. मेहनत एवढी, म्हणून किंमतही तेवढी. दुकानात गेलीस की चित्र समोरून बघून भुलू नकोस, बाजूने बघ. दागिने फुगून वर आलेले दिसले पाहिजेत. वर्ख खऱ्या सोन्याचा आहे का, हे तोंडावर विचार आणि बिलावर लिहून घे. छापील चित्रावर चमकी मारलेलंही मिळतं. ते घ्यायला काहीच हरकत नाही, फक्त पैसे छापील चित्राचेच दे.

आणि हे चित्र भारी असतं, अंगाने आणि नजरेनेही. लोण्याचा गोळा धरलेला तो गुटगुटीत बाळकृष्ण एकटाच भिंत भरून टाकतो, शेजारी घड्याळ, फॅमिली फोटो काही नको. बाहेरच्या बाजूची, पावसाळ्यात ओल धरणारी भिंत तर अजिबात नको. फळीला दमट हवा लागली की लेपाला भेगा पडतात.

पिछवाईचं म्हणशील, तर ती मुळात नाथद्वाऱ्यात श्रीनाथजींच्या मूर्तीमागे लावायचा पडदा. ऋतू आणि उत्सव बदलला की पिछवाई बदलते. शरद पौर्णिमेची वेगळी, अन्नकुटाची वेगळी, गोपाष्टमीला गाईंची. त्यामुळे मोठ्या भिंतीवर ती शोभतेच. कापडाची असते, म्हणून थेट ऊन पडेल तिथे लावू नकोस, रंग उडतात. हल्ली त्याच गाई आणि कमळं उशीच्या अभ्र्यांवरही येतात. गाई, कमळं ठीक, पण श्रीनाथजींचा अभ्रा घेऊ नकोस. शास्त्राचं सोड, ज्याला हात जोडतो त्याच्यावर रेलून टीव्ही बघताना तुझं तुलाच अवघडेल.

खरं सांगू? काही विकत घेण्याआधी माहेरचा माळा बघून ये. आजीच्या पिढीतल्या घरांत रविवर्म्याची लक्ष्मी, सरस्वती असायचीच. 1894 मध्ये मुंबईत त्याचा छापखाना निघाला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि देवांची चित्रं घरोघरी पोचली. त्याच्याही आधी, 1878 पासून, पुण्याच्या चित्रशाळेने देवादिकांची रंगीत चित्रं छापली होती. कितीतरी घरांतल्या बायकांनी या छापील देवींना खरी जर आणि टिकल्या लावून साड्या नेसवल्या. अशी एखादी सापडली तर तिच्यापुढे शोरूममधलं काही टिकणार नाही.

फक्त ती ओल्या फडक्याने पुसू नकोस आणि लॅमिनेशन तर मुळीच करू नकोस. मागची जुनी फळी कागदाला तपकिरी डाग पाडते, ती काढून आम्लरहित पुठ्ठा घालायला सांग. काच कागदाला चिकटता कामा नये, मध्ये थोडी फट हवी. बाजारात ‘जुनी’ म्हणून कोणी विकत असेल तर भिंगातून बघ. शिळाछापाचे ठिपके हाताने घातल्यासारखे वेडेवाकडे दिसतात. आजच्या छपाईचे एका मापाचे, ओळीत बसलेले असतात.

खिसा हलका असेल तर कोकणात बघ. सावंतवाडीच्या गंजिफांचे गोल पत्ते हाताने रंगवलेले असतात. दशावतारी संचातले दहा राजे एका फ्रेममध्ये बसवलेस तर पॅसेज उजळून जाईल. कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजाची चित्रकथी आहे. रामायण-महाभारतातले प्रसंग कागदावर रंगवायचे आणि चित्र दाखवत गोष्ट गाऊन सांगायची. 2021 मध्ये परशुराम गंगावणे यांना या कलेसाठी पद्मश्री मिळाली. तिथून चित्र घेतलंस तर पैसे थेट चित्रकाराच्या हातात पडतात.

‘नटराज घरात नको, युद्धाचं चित्र नको’ असं कोणीतरी सांगेलच. वाद घालत बसू नकोस. घरातल्या मोठ्यांना खरंच खटकत असेल तर दुसरं घे, देवांना काही तोटा नाही. पण शेजारणीच्या भीतीपोटी आवडतं चित्र सोडू नकोस.

आता त्या सोफ्यामागच्या भिंतीचं. तिथे लावलंस तर पाहुण्यांना दिसेल, आणि घरातली सगळी माणसं देवाकडे पाठ करून बसतील. शिवाय टेकलेल्या डोक्यांचं तेल लागेल ते वेगळंच. त्यापेक्षा सकाळी चहा घेऊन तू जिथे बसतेस, त्याच्या समोरच्या भिंतीवर लाव, बसल्यावर नजरेच्या रेषेत येईल इतक्याच उंचीवर. आधी त्या मापाचं वर्तमानपत्र चिकटवून थोडे दिवस राहू दे. मोठं वाटलं, अंधार वाटला, उन्हाची तिरीप पडली, सगळं फुकटात कळेल.

आणि सोफ्याच्या रंगाला मॅचिंग देव शोधत फिरू नकोस. लेकीने ‘आई, हे कोण?’ विचारलं तर ज्याची गोष्ट तुला न अडखळता सांगता येईल, तेच चित्र घे. सोफ्याचं कापड पुढेमागे बदलशीलच.