तुळस आत घेताना

ऑगस्ट संपत आला तरी न्यू जर्सीत दुपारी घाम येतो, दुधीच्या वेलावर फुलं असतात आणि तुला वाटतं, आवरायला अजून वेळ आहे. नसतो, बाई. इथे थंडी मागून येते, उजेड आधी जातो. जूनमध्ये रात्री साडेआठला मागच्या डेकवर पेपर वाचता येतो, आणि सप्टेंबरात दिवस रोज अडीच-तीन मिनिटांनी आखडायला लागतो. पुण्यात मोठा दिवस सव्वातेरा तासांचा, लहान अकराचा. एवढ्याशा फरकावर वाढलेलो आपण. इथे तो पंधरावरून साडेनऊच्याही खाली उतरतो. म्हणून मी थर्मामीटर बघत नाही. रात्रीच्या जेवणाची पानं घेताना दिवा लावावा लागला, की दुसऱ्या दिवशी बागेत उतरायचं.

आधी तुळस. तिचं लग्न कार्तिकात, म्हणजे बहुतेक नोव्हेंबरात, आणि फ्रॉस्ट ऑक्टोबरच्या मध्यापासून कधीही पडतो. जमिनीतली तुळस एका रात्रीत काळी पडते. मग लग्न कुणाचं लावणार? रात्रीचं तापमान ५० फॅरनहाइटला टेकायच्या आत कुंडी घरात हवी. पण एकदम उचलून आणू नकोस. आठवडाभर पोर्चच्या सावलीत ठेव, नाहीतर आत येताच पानं टाकते. पानं उलटून बघ, मावा लपलेला असतो. साबणाच्या पाण्याने धू आणि दोन-तीन दिवसांनी पुन्हा बघ. कुंडी उचलवत नसेल तर चार कोवळ्या फांद्या कापून भांड्यात पाण्यात ठेव, मुळं फुटतात. मंजिऱ्या वाळवून कागदाच्या पुडीत ठेवायच्या, प्लॅस्टिकमध्ये ओल धरते.

कढीपत्ता वेगळ्या स्वभावाचा. लिंबाच्या कुळातला असला तरी हिवाळ्यात घरात पानं गाळतो, नुसत्या काड्या उरतात. ते बघवत नाही म्हणून लोक पाणी घालत सुटतात आणि त्यानेच तो मरतो. मातीत दोन पेरं बोट घाल, कोरडं लागलं तरच पाणी. खत मार्चपर्यंत अजिबात नाही. ओक ट्री रोडवर जुडी मिळतेच, तेव्हा हिवाळाभर झाडाची पानं ओरबाडू नकोस. आणि भारतातून येताना बॅगेत घालायचं मनातही आणू नकोस. संत्र्या-लिंबांच्या बागांना रोग लावणारी कीड त्यावर असते, म्हणून ताजी पानं आणायला बंदी आहे.

टोमॅटोचं म्हणशील तर फ्रॉस्टच्या आदल्या दिवशी होते नव्हते ते सगळे तोडायचे. ज्यांच्यावर पांढुरकी झाक आली असेल ते केळ्यासोबत कागदी पिशवीत घाल, पिकतात. फ्रिजमध्ये मात्र नको, चव जाते. कडक हिरवे असतील त्यांची चटणी: तेलात हिरवी मिरची, लसूण आणि फोडी परतायच्या, भाजलेले तीळ-दाणे, गुळाचा खडा आणि मीठ घालून भरडसर वाटायचं. खरं सांगू, पिकलेल्या टोमॅटोपेक्षा मी या चटणीचीच वाट बघते.

अळूची पानं त्याच दिवशी उतरवायची. खायच्या अळूचीच बरं, शोभेच्या झाडाची नाहीत. वडीचे उंडे करून उकड, गार झाले की फ्रीझरमध्ये टाक. जानेवारीत बर्फ पडत असताना कापून तळायचे. पानं जळून गेली की कंद खणून काढ, माती झटक, सुकव आणि खोक्यात घालून बेसमेंटमध्ये ठेव. त्याच मोकळ्या जागेत ऑक्टोबरात लसूण लाव. बर्फाखाली तो खुशाल झोपतो.

डेकवरच्या खुर्च्या पुसून गॅरेजमध्ये जातात, तेव्हा मला दरवर्षी जरा चुकल्यासारखं होतं. मेपल पिवळा-लाल होतो त्याचे सगळे फोटो काढतात. पिवळा रंग पानात आधीपासूनच असतो, हिरवा ओसरला की दिसतो. लाल मात्र झाड जाता जाता नव्याने तयार करतं, उन्हाचे दिवस आणि गार रात्री मिळाल्या तर. का करतं कोण जाणे, मला ते उगाचच खर्चिक वाटतं. दोन खुर्च्या तेवढ्या बाहेर ठेव. कोजागिरीला शाली पांघरून बसायचं, दूध कढत कढतच प्यायचं, कारण पेला हातात धरेपर्यंत निवतं.

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळ तासभर मागे जातं आणि पाच वाजायच्या आत अंधार पडतो. त्या आठवड्यात आईला फोन करताना विसरू नकोस, साडेनऊ तासांचं अंतर साडेदहाचं झालेलं असतं. एरवी तू रात्री नऊला लावतेस तेव्हा तिकडे साडेसहा वाजलेले असतात, चहाच्या वेळेला. आता नऊला लावलास तर साडेसात होतील, तोवर ती देवघरात जाऊन बसलेली असेल. आठला लाव.