रेडिओच्या तीन वाटा : खर्च कोणाचा, भरवसा किती?

शिवणयंत्रावरचा कारागीर असो की गादीवरचा व्यापारी, कानाशी रेडिओ असला की दिवस हलका जातो. हा रेडिओ आज तीन वाटांनी येतो. एक जमिनीवरच्या मनोऱ्यावरून, दुसरी उपग्रहावरून, तिसरी इंटरनेटवरून. आम्ही कापडवाले, म्हणून तिजारतीच्याच नजरेने पाहतो. माल एकच, आवाज. तो गिऱ्हाइकाच्या दारापर्यंत नेण्याचा खर्च कोण सोसतो, हे पाहायचे.

मनोऱ्याची वाट सर्वांत जुनी. आपला जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि हैदराबादचा डेक्कन रेडिओ उर्दूतून बोलत असे. १९५० मध्ये तो आकाशवाणीत सामील झाला. या वाटेचा हिशेब सरळ आहे. प्रक्षेपक चालू झाला की शंभर लोक ऐकोत की लाख, केंद्राचे वीजबिल तेच. ऐकणाऱ्याला खर्च फक्त सेलचा. अडचण पल्ल्याची. एफएमच्या लहरी साधारण नजरेच्या रेषेत जातात, टेकडीआड खरखर सुरू होते. मध्यम लहरी दूर जातात, रात्री तर फारच दूर, पण आवाजाला ती सफाई नाही.

उपग्रहाने पल्ल्याचा प्रश्न मिटवला आणि दुसरा उभा केला. भारतात ही वाट 'वर्ल्डस्पेस' या परदेशी कंपनीने आणली. नोआ समारा यांनी ती १९९० मध्ये काढली. तिचा 'एशियास्टार' उपग्रह मार्च २००० मध्ये सोडला गेला आणि सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर स्थिरावला. खास संच घ्यायचा, त्याची चपटी अँटेना पूर्वेकडच्या मोकळ्या आभाळाकडे धरायची, वर्गणी भरायची. 'फलक'वर उर्दू गझला, 'सुरभी'वर मराठी गाणी, 'गंधर्व'वर शास्त्रीय संगीत. मुंबईत जसा आवाज, तसाच परंड्यात. ज्यांनी ऐकले ते अजून आठवण काढतात.

मग बुडाले कसे? उपग्रहाचे सारे भांडवल पहिल्या गिऱ्हाइकाच्या आधीच घालावे लागते. त्यात छपराखाली आणि चालत्या गाडीत हा संच मुका. अमेरिकेत 'एक्सएम' आणि 'सिरियस' या कंपन्यांनी शहरांत जमिनीवर जोडप्रक्षेपक उभारले आणि कारखान्यातूनच मोटारींत संच बसवून घेतले. २००८ मध्ये त्या एक झाल्या आणि तगल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वर्ल्डस्पेसने अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला. ३१ डिसेंबर २००९ रोजी भारतातली सेवा बंद झाली. पुढची वर्गणी भरून बसलेल्यांच्या संचावर उपग्रहाचे एकही केंद्र उरले नाही.

आपल्याकडे सलमच्या व्यवहारात रक्कम आधी देतात, पण माल, माप आणि मुदत आधी ठरवूनच. वर्षाची वर्गणी हा काही सलम नव्हे. तरी देणारा टिकेल का, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच.

वर्गणीशिवायचा उपग्रह मात्र अजून आहे. दूरदर्शनच्या फ्री डिशवर टीव्हीच्या वाहिन्यांबरोबर आकाशवाणीचीही केंद्रे लागतात. तबकडी आणि डबा एकदा घेतला की झाले.

इंटरनेटची वाट उलटी आहे. येथे प्रत्येक ऐकणाऱ्याला वेगळे गाठोडे पाठवावे लागते. श्रोते वाढले की पाठवणाऱ्याचा खर्च वाढतो, आणि ऐकणाराही डेटा भरतो. १२८ केबीपीएसचा आवाज तासाला सुमारे ५८ एमबी खातो. म्हणजे आठ तास दुकानात लावला तर ४६० एमबीच्या आसपास. रोजच्या पॅकमधून एवढे गेल्यावर गिऱ्हाइकाला कापडाचे फोटो पाठवायला किती उरते, ते ज्याने त्याने पाहावे. निवड मात्र अफाट आहे. मक्केची तिलावत असो की आकाशवाणीचे केंद्र, सारे एका मोबाईलवर. टॉवर बंद पडला की सारेच गप्प, तेव्हा दोन सेलचा ट्रान्झिस्टर बोलत राहतो.

जाहिरात द्यायची तर जवळचे केंद्र बरे. उमरग्याच्या दुकानाची खबर अर्ध्या आशियाला ऐकवून काय मिळणार?

रमजानमध्ये आणखी एक गोष्ट. मोबाईलवरचा आवाज काही सेकंद मागे असतो, ते चालून जाईल. पण मुंबईच्या केंद्राची वेळ येथे चालत नाही. धाराशिव मुंबईच्या पूर्वेला असल्याने येथे दिवस सुमारे बारा मिनिटे आधी उगवतो आणि तितकाच आधी मावळतो. मुंबईच्या वेळेवर इफ्तार केला तर नुसता उशीर होईल, सहेरी संपवली तर रोजाच धोक्यात येईल. त्यासाठी आपल्या मशिदीचा तक्ताच पाहावा.