तेल-एंजिन जुळविताना झडपांची वेळ कशी लावावी

विहिरीवरील तेल-एंजिन खोलले म्हणजे पिस्टन, रिंगा व बेअरिंगे यांची पुष्कळ काळजी घेतली जाते. पण कॅमशाफ्टचे दंतचक्र बसविताना एक दाता इकडचा तिकडे होतो, आणि नवे सामान घातलेले एंजिनही धूर ओकते व पंप ओढीत नाही. उसाला पाणी देण्याची पाळी आली असताना ही चूक शेतकऱ्यास फार महाग पडते. पुढील माहिती लिस्टर पद्धतीच्या, एका सिलिंडरच्या संथगती डिझेल एंजिनास धरून दिली आहे.

क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा एक होतो. म्हणून कॅमच्या चक्रास दुप्पट दाते असतात. क्रँकच्या चक्रास ३० दाते असतील, तर एका दात्याची चूक म्हणजे १२ अंशांचा फरक होय. चूक अधिक दात्यांची झाल्यास झडप पिस्टनवर आपटून वाकते.

चक्रांवर कारखान्याच्या खुणा असतात. त्या पुस्तिकेत दाखविल्याप्रमाणे जुळल्या की काम झाले. मध्ये तिसरे चक्र असलेल्या एंजिनात मात्र, एकदा जुळलेल्या खुणा फ्लायव्हील फिरविल्यावर लवकर पुन्हा समोरासमोर येत नाहीत. त्याने गोंधळून चक्रे काढू नयेत.

खुणा झिजल्या असल्यास अथवा चक्र बदलले असल्यास वेळ मोजूनच लावावी लागते. हेड बसविण्यापूर्वी एंजिनाच्या अंगास तारेचा काटा बांधावा. पिस्टन वर येताना सिलिंडरच्या तोंडापासून २५ मिलिमीटर खाली असता काट्यासमोर फ्लायव्हीलवर रेघ मारावी. तो माथा ओलांडून पुन्हा तितकाच खाली गेला की दुसरी. दोहोंचा मध्य हा पिस्टनचा वरचा टोकबिंदू. नुसत्या नजरेने तो कधीही ठरवू नये, कारण माथ्याशी पिस्टन बराच वेळ स्थिर भासतो. ६०० मिलिमीटर व्यासाच्या फ्लायव्हीलच्या कडेवर १ अंश म्हणजे सुमारे ५.२ मिलिमीटर.

नंतर हेड बसवून झडपांची फट पुस्तिकेप्रमाणे ठेवावी. इंधन बंद करावे आणि इंजेक्टर काढून ठेवावा, म्हणजे चाक हलके फिरते. डीकॉम्प्रेशनचा दांडा वापरू नये. तो झडप दाबून धरतो व पुशरॉड खोटाच सैल लागतो. फ्लायव्हील चालीच्या दिशेनेच हळू फिरवावे. एक्झॉस्टचा पुशरॉड बोटांनी फिरू लागला की ती झडप मिटली. इनलेटचा घट्ट झाला की ती उघडू लागली. या दोन्ही गोष्टी वरच्या टोकबिंदूच्या आसपास घडतात. अंतर मोजून पुस्तिकेतील अंशांशी ताडून पाहावे.

दोन्ही झडपांना सारखाच उशीर होत असेल, तर कॅमचे चक्र त्याच्या फिरण्याच्या दिशेने एक दाता पुढे घ्यावे. एकाच झडपेत फरक दिसला तर चक्रास हात लावू नये. दोष बहुधा फटीत किंवा झिजलेल्या कॅममध्ये असतो. यानंतर फ्लायव्हीलचे दोन पूर्ण फेरे हातानेच द्यावेत. कोठे अडल्यास जोर लावू नये.

या एंजिनात इंधनपंपही त्याच कॅमशाफ्टवर चालतो. त्यामुळे दाता चुकला की इंधनही अवेळी पडते, आणि काही कारागीर पंपाखालील पत्र्या बदलून तेवढेच सुधारतात. एंजिन सुरू होते, पण झडपा चुकलेल्याच राहतात. म्हणून आधी झडपा व मगच पंप, हा क्रम मोडू नये.